बारीक दांड्याचा ब्रश

६ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार, आणि आधीच सांगते, रागवू नका.

परवा दादांचा फोन आला तेव्हा कळलं, की आईंच्या हिरड्यांचं दुखणं बरंच पुढे गेलंय. खालच्या दोन दाढा हलतात आणि चूळ भरली की पाणी लाल होतं, असं म्हणाले. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. तुमचं असंच. घराला आग लागली तरी तुम्ही 'आज जरा ऊब आहे' एवढंच कळवाल.

सोबतच्या खोक्यात विजेचा ब्रश आहे. आमच्या औषधांच्या दुकानात दातांचे एक डॉक्टर येतात, त्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, नीट घासलं तर साध्या ब्रशनंही हिरड्या सुधारतात. पण बहुतेक माणसं नीट घासतच नाहीत, म्हणून विजेचा जरा सरस. आणि आईंसारख्यांना तर तोच द्यावा, कारण त्याचा दांडा चांगला जाड असतो, संधिवातानं आखडलेल्या बोटांतही राहतो. खसाखसा घासायचं नाही. नुसता हिरडीच्या कडेला टेकवायचा आणि एकेका दातावरून सावकाश सरकवत न्यायचा. जोरात दाबला तर त्याच्यावर तांबडा दिवा लागतो. चहाडखोर आहे मेला!

मुख्य म्हणजे आईंना आपले दात आपण घासता येतील आणि सकाळची तुमची एक धावपळ वाचेल. त्यापायी शिवणकारखान्यात तुम्हाला उशिराबद्दल बोलणी खावी लागतात, तेही दादांनीच सांगितलं.

आईंना आवडला का, ते लगेच कळवा.

तुमची धाकटी जाऊ

---

१९ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद घे, उपदेश परत घे.

ब्रश पोचला. खोका इतका सुंदर आहे, की त्यात सुया-दोरे ठेवावेत असं वाटलं. पण आईंना त्या ब्रशची भीती वाटते. तोंडात भुंगा शिरल्यासारखं होतं, म्हणतात. तेव्हा आमचं आपलं साध्या ब्रशनंच चाललंय.

सकाळी बेसिनसमोर स्टूल ठेवते. त्या बसतात, मी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळते आणि मागे उभी राहते. समोर आरसा. "आ करा," म्हटलं की आ करतात. गंमत बघ, जिनं आयुष्यभर या घरात दुसऱ्यांची तोंडं बंद केली, ती बाई आता माझ्या एका शब्दावर तोंड उघडते. कधी कधी उघडत नाहीत. मग मी घाई करत नाही, ब्रश हातात धरून उभी राहते. कारखान्यात उशीर झाला तर झाला.

इथली डॉक्टरीणबाई चष्मेवाली आहे, तुझ्याहूनही लहान असेल. तिनं हिरड्या आतून साफ करून दिल्या आणि सांगितलं, आता तीन महिने घरी नीट निगा ठेवा. नाही ठेवलीत, तर त्या दोन्ही दाढा काढाव्या लागतील, मग एकेक करत बाकीच्यांचा नंबर. आईंचा चेहरा बघायला हवा होतास. अक्रोड दातांनी फोडणारी बाई ती. "माझी बत्तिशी माझ्याबरोबरच जाईल," हे किती वेळा ऐकलंय आपण! बघू या आता, कोण कुणाच्या आधी जातं.

फोन करू नकोस. भिंतीला दोन कान असतील तर आईंना चार आहेत. शिवाय फोनवर माझी कवळी टकटक वाजते आणि पलीकडच्याला वाटतं, मी चिडून बोलतेय.

तुझी
ताई

---

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आई, आणि भुंग्याला भितात? स्वयंपाकघरातल्या फळ्या बसवायला सुतार आला नाही म्हणून ज्यांनी स्वतः ड्रिल हातात घेऊन भिंतीला भोकं पाडली, त्या? खरं सांगा, तुम्ही तो ब्रश चार्ज तरी केलाय का? आधी बंद ठेवूनच तोंडात धरायला द्या, एकदोन दिवसांत सवय होईल.

उंटावरून शेळ्या हाकते असं म्हणाल. म्हणा. पण आमच्या दुकानात रोज कुणीतरी येतं आणि सांगतं, रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावतच नाही. तिथंच तर फसतात बिचारे. जिथं रक्त येतं तिथंच जास्त नीट घासायला हवं, हलक्या हातानं, मग रक्त थांबतं. तुम्ही सगळीकडे फिरवता ना ब्रश? अगदी मागेसुद्धा?

आणखी एक विचारायचं होतं. काल कपाट आवरताना आमच्या लग्नाचा फोटो सापडला. सगळे बत्तिशी दाखवून हसतायत आणि तुम्ही एकट्या ओठ घट्ट मिटून उभ्या. इतकी वर्षं मी मनाशी धरून होते, की मी तुम्हाला पसंत नव्हते. कानामागून आली आणि तिखट होणार, असं तुम्हाला वाटलं असेल. काल मात्र नीट बघितलं, तर तुमचे डोळे हसत होते. ताई, तुमची कवळी कधीची?

तुमची
धाकटी

---

२१ फेब्रुवारी

धाकटे,

विचारलंस म्हणून सांगते. तुझ्याआधी या घरात कुणीही विचारलेलं नाही.

थोरल्याच्या वेळी मला दिवस गेले तेव्हापासून हिरड्या सुजायला लागल्या. त्या वेळी हे पुलाच्या कामावर, महिनोन् महिने बाहेर. घरात चालायचं ते फक्त आईंचं. दातांच्या डॉक्टरकडे जाऊ द्या म्हणून मी दातांच्या कण्या केल्या. म्हणाल्या, "हिरड्यांतून रक्त आलं म्हणून कुणी मेलेलं ऐकलं नाही. मिठाच्या गुळण्या कर." केल्या गुळण्या. मूल झालं, ते रांगायला लागलं, तरी उशीवर रोज लाल डाग. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मग एक दिवस पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मी चहाचा ट्रे घेऊन उभी असताना, आई म्हणाल्या, "थोरलीशी जरा लांबूनच बोला हं, तिच्या तोंडाचा वास म्हणजे उंदीर मेल्यासारखा." सगळे हसले. मीही हसले, ओठ मिटून. त्यानंतर तशीच हसत आले.

हे परत आले तोवर वरचे पुढचे सहा दात लोंबत होते. सगळे काढले. तेव्हा माझं वय काय, तर आज तुझं आहे त्याहून कमी. माझ्या कारखान्यात सगळ्या बाया टाचण्या दातांत धरून कोटाची बाही बसवतात. माझ्या मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली असते. नवीन मुलींना वाटतं, ही बाई फार शिस्तीची.

आता ऐक. तुझा ब्रश कपाटात आहे, हिवाळ्याच्या रजयांखाली. आईंना मी तो दाखवलेलाच नाही. भुंगाबिंगा सगळं माझं. त्या आपल्या हातानं दात घासायला लागल्या तर मला काय उरलं? रोज सकाळी ते पांढरं डोकं माझ्या पुढ्यात येतं, मी "आ करा" म्हणते आणि बेसिनमध्ये लाल पाणी पडतं. ते बघून माझा दिवस चांगला जातो. खोटं कशाला सांगू?

पुढचे दात मी जोर लावून घासते. मागच्या दाढांना ब्रश लावतच नाही. तू म्हणालीस ना, तिथंच लोक फसतात. मी फसत नाहीये, मला ठाऊक आहे मी काय करतेय. मार्च संपला की चष्मेवाली त्या दाढा काढेल. आई रुमाल तोंडाशी धरून बाहेर येतील, तेव्हा मी दारात उभी असेन आणि म्हणेन, हिरड्यांतून रक्त आलं म्हणून कुणी मेलेलं ऐकलं नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलंय. ते म्हटल्याशिवाय मी काही मरायची नाही.

भाऊजींना सांगायचं असेल तर खुशाल सांग.

ताई

---

७ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांवर बसून वाचलं. मग गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं दिलं. मालक ओरडले. ह्यांना काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तुम्ही चुकताय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी त्या घरात राहिले किती? जेमतेम एक हिवाळा. तेवढ्यातही आईंनी मला "गोडबोली, पण कामाला शून्य" हे बिरुद लावलंच. आम्ही बदली मागून निघून आलो आणि तुम्ही मागे राहिलात. ब्रश पाठवताना माझ्या मनात हेही होतं.

पण ताई, तुम्ही त्यांचे दात पाडणार आहात. नुसतं रक्त बघणं वेगळं आणि हे वेगळं. गेलेला दात परत येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? अजून तीन आठवडे आहेत. वाक्य म्हणायचं तर दाढा न पाडताही म्हणा ना. मी येऊन तुमच्या शेजारी उभी राहते हवं तर.

तुम्हाला आणखी एक सांगायचं होतं, पण ते आता नको. आधी तुमचं उत्तर येऊ दे.

धाकटी

---

२ एप्रिल

धाकटे,

उत्तर मुद्दाम दिलं नाही. मला वाटलं होतं, आता एकदम दाढांची बातमीच कळवू.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. चष्मेवालीनं ती खुणांची बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या मधे घालून एकेका दातापाशी किती पोकळी आहे ते मोजलं. मी भिंतीला टेकून उभी. वाक्य जिभेवर तयार. ती पुढच्या दातांपाशी आली आणि म्हणाली, "इथं हिरडी सोलवटलीय, जोर जरा कमी करा." मग मागे गेली, पुन्हा पुन्हा बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "पण मागे कमाल केलीत तुम्ही! रक्त नाही, सूज नाही, दाढाही बऱ्याच घट्ट झाल्यात. काढायची गरज नाही. नशीब लागतं आजी, अशी सून मिळायला." माझी तर दातखिळीच बसली. खुर्चीतून म्हातारी माझ्याकडे बघत होती. तोंड उघडंच, त्यामुळे हसत होती की काय, ते कळेना.

ज्या दाढांना मी अडीच-तीन महिने ब्रश लावला नाही, त्या सगळ्यात स्वच्छ! तुझ्या डॉक्टरांना विचार, शास्त्रात असं बसतं का?

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय सांगून कारखान्यातून दुपारीच घरी आले आणि सरळ कपाट उघडलं. रजईची घडी मी नेहमी शिवण आत ठेवून घालते. शिवण बाहेर होती. खाली खोका. ब्रशचं डोकं ओलं, केस पार फिसकारलेले. चार्जरची वायर सुटी, घाईघाईनं कोंबलेली. मी ब्रशचं बटण दाबलं. तो गुणगुणला आणि पलीकडच्या खोलीत म्हातारीनं रेडिओचा आवाज एकदम बारीक केला. मी तशीच उभी राहिले. 

म्हणजे मी रोज सकाळी एवढा घाम गाळून सूड घ्यायचा, आणि हिनं दुपारी तो चूळ भरून थुंकून टाकायचा! रात्रभर माझ्या अंगाची आग आग झाली. आणि इतकं असूनही रोज सकाळी स्टुलावर बसून, मान वर करून, आ करते! मला राबवायला. उशीर झाला की सुपरवायझर माझ्यावर खेकसतो, हे तिला माहीत आहे.

तो खोका या घरात फक्त मी पाहिला होता. तेव्हा आता तू सांग. तुला जे 'आता नको' होतं, ते हेच का?

ताई

---

१० एप्रिल

ताई,

हो, हेच.

पार्सल पोचलं असेल अशा हिशेबानं मी जानेवारीत एका दुपारी घरी फोन केला होता. तुम्ही कारखान्यात होतात. आईंना विचारलं, विजेचा ब्रश आवडला का? त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "फार छान आहे. थोरली रोज लावून देते." मी खूश. चार दिवसांनी तुमचं पत्र आलं, की आईंना भुंग्याची भीती वाटते. दोघींपैकी एक खोटं बोलतेय एवढं कळलं, पण कोण, ते कळेना. म्हणून तर मी तुम्हाला खोदून खोदून विचारत होते. मग तुमचं ते मोठं पत्र आलं आणि सांगायचं धैर्यच झालं नाही. तुम्ही दोघी एका छपराखाली राहता, मी इथून काडी टाकायची आणि तिथं वणवा पेटायचा.

पण जरा विचार करा. त्यांना ब्रश मिळालेला नव्हता, आणि तरी त्यांनी मला तुमचं चांगलंच सांगितलं. मग शोधून काढला आणि तुम्हाला काहीच बोलल्या नाहीत. मला वाटतं, आईंना सगळं आठवतंय. रोज सकाळी त्या तुमच्या समोर बसतात, ती त्यांनी स्वतःला करून घेतलेली शिक्षा असेल.

चुकले असेन तर कान पकडा.

धाकटी

---

२४ एप्रिल

धाकटे,

तुझा गोड अर्थ तुझ्याजवळ ठेव, औषधांच्या कपाटात थंड जागी. शिक्षा म्हणे! शिक्षा गुन्हेगारानं ठरवायची नसते. पण तुझ्या पत्रामुळे मी विचारायचं ठरवलं, एवढं मान्य करते.

रविवारी सकाळी नेहमीसारखं स्टूल ठेवलं. त्या बसल्या. मी टॉवेल गुंडाळला आणि आ करा म्हणण्याऐवजी विजेचा ब्रश काढून बेसिनच्या कडेवर ठेवला. आरशातून दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"धाकटीचा फोन आला त्याच दुपारी शोधला."

"मग सकाळी माझ्याकडून कशाला घासून घेत होतात?"

"तुला रक्त बघायचं होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला आरशात तुझं तोंड दिसत नव्हतं होय गं? पाणी लाल झालं की तुझा चेहरा कसा सैल पडायचा. म्हटलं, बघू दे. पण दात मात्र मी देणार नव्हते."

असं म्हणाली म्हातारी. शरम नाही, रडणं नाही. आणि खरं सांगू, मला ते आवडलं. तिनं गळ्यात पडून रडारड केली असती तर मी ते स्टूल तिच्या खालून ओढलं असतं.

मग म्हणाल्या, "फिटलं का तुझं?"

"नाही," मी म्हटलं.

आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर ते येईचना. इतकी वर्षं सांभाळलेलं, पण ते म्हणायला समोरच्याचं तोंड रक्तानं भरलेलं हवं होतं. त्यांचं तर पाणी आता स्वच्छ. मला इतका संताप आला, की मी बोटं घालून कवळी काढली. ह्यांच्याखेरीज कुणी मला तशी बघितलेली नाही. काढली आणि ओलीच आईंच्या तळहातावर ठेवली.

त्यांची बोटं मिटत नाहीत, त्यामुळे ती तशीच उघड्या हातावर राहिली. आधी त्यांनी कवळीकडे बघितलं. मग मान वळवून, आरशातून नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. मी हसले. तोंड भरून हसले, धाकटे, पुढच्या सगळ्या रिकाम्या जागा दाखवत, अगदी जवळ वाकून, वास आला तर येऊ दे म्हणून. त्यांनी तोंड फिरवलं नाही. 

"सहा गेले," म्हणाल्या.

"सहाच," मी म्हटलं. "तेव्हा मोजायचे होते." कवळीशिवाय मला नीट बोलता येत नाही, पण त्यांना कळलं. मग म्हटलं, "आजपासून विजेचा ब्रश तुमच्या दातांना. तो तुमचा, आपल्या हातानं वापरा. माझ्या कवळीला साधाच ब्रश लागतो. ती रोज सकाळी तुम्ही घासायची. मी स्टुलावर बसणार."

त्या उठल्या. मी बसले, टॉवेलसुद्धा घेतला. त्या आखडलेल्या बोटांत साधा ब्रश कुठला टिकायला? दोनदा बेसिनमध्ये पडला. मी उचलून दिला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही तळव्यांच्या मधे दांडा धरला आणि कवळी नळाखाली टेकवून घासायला लागल्या. मधेच नाकानं सूं सूं करत होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी कवळी पुढे केली.

मी ती उजेडाकडे धरली, उलटीसुलटी करून बघितली आणि परत त्यांच्या हातावर ठेवली.

म्हटलं, "मागची बाजू राहिली."

गुपचूप पुन्हा नळ सोडला त्यांनी. आता रोज असंच चालतं. कारखान्यात मला अजूनही उशीर होतो, पण परवा सुपरवायझर खेकसला तेव्हा मी त्याच्याकडे बघून दात दाखवून हसले. बिचारा घड्याळ बघत पुढे निघून गेला.

सुट्टीत आलीस की नवा फोटो काढू. ह्या वेळी मीही हसणार आहे.

तुझी
ताई

ता. क. आमच्या कवळीचा ब्रश झिजला. तुझ्या दुकानातून दोन साधे पाठव. त्यात जाड दांड्याचेही मिळतात म्हणे. ते नकोत. बारीक दांड्याचेच पाठव.